झाडाखालची लग्नाची पंगत

लग्न ठरले की घरात पहिली गोष्ट निघते ती मांडवाची. मांडव केवढा? कोणाच्या मांडवासारखा? मग तालुक्याच्या गावी जाऊन बिछायतवाल्याला गाठायचे. कापडी मंडप, कमान, झालर, खुर्च्या, रोषणाई, सगळ्याचा एक आकडा तो सांगतो. तो आकडा ऐकून मुलीचा बाप गप्प बसतो, आणि घरी येऊन म्हणतो, "बघू, होईल काहीतरी."

हे 'काहीतरी' म्हणजे बहुतेक वेळा कर्ज असते. म्हणून आधी थोडा हिशेब करू. समजा, मंडप, खुर्च्या आणि रोषणाई मिळून ५०,००० रुपये झाले, आणि ते सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिना व्याजाने काढले. शेकडा ३ हे ऐकायला थोडे वाटते. पण ५० हजारांवर महिन्याला १,५०० रुपये झाले. वर्षाला १८,००० आणि दोन वर्षांत ३६,०००. मुद्दल जागच्या जागीच. मंडप उभा होता एक दिवस, त्याचे व्याज दोन वर्षे चालले. शिवाय परवाना नसलेल्या सावकाराने पैसे व्याजाने देणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण तो कायदा हातात घेऊन भांडायला उभे राहण्यापेक्षा कर्जच न काढलेले बरे.

ही गोष्ट आम्ही उगाच मोठी करून सांगत नाही. लग्नाचा खर्च बापाला झेपणार नाही या धास्तीने मुलींनी जीव दिल्याच्या बातम्या २०१६ आणि २०१७ साली लातूर जिल्ह्यातूनच आल्या होत्या. त्या आधीची दुष्काळाची वर्षे आठवून पाहा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा सालातही लग्नाचे मांडव काही लहान झाले नव्हते.

मग मांडव घालूच नये का? घरापुढचा मांडव घाला. चार मेढी, वर आंब्या-जांभळाचे डहाळे, देवकाची पाने. तो आपल्या रीतीचा मांडव आहे आणि त्याला भाऊबंदांच्या चार हातांपलीकडे फारसा खर्च नाही. सोडायचा आहे तो दुसरा, भाड्याचा कापडी मंडप, जो फक्त जेवणावळीसाठी आणि बघणाऱ्यांसाठी उभा राहतो. जेवणावळ उघड्या जागेत, झाडाखाली किंवा संध्याकाळच्या सावलीत चांगली होते. नीट आखली मात्र पाहिजे. मांडव नसला की त्याने झाकलेल्या गोष्टी उघड्या पडतात: ऊन, वारा, पाऊस, धूळ. यांची सोय आधी लावावी लागते.

पण त्याच्याही आधी एक बैठक असते. आपल्याकडे सुपारी फुटते, याद्या होतात, कोणी काय खर्च करायचा ते कागदावर चढते. मांडवाची गोष्ट तिथेच बोलून घ्या. "पाव्हणं, मंडप घालणार नाही, पंगत आमराईत बसेल, माणसे तीनशे, जेवण असे असे," हे सुपारीच्या वेळीच सांगितले आणि लिहिले, म्हणजे लग्नाच्या दिवशी कोणाचे तोंड वाकडे होत नाही. सोयऱ्यांना आयत्या वेळी कळले तर तो अपमान वाटतो. आधी कळले तर तो बेत वाटतो. काही घरी तर याद्यांच्या दिवशीच लग्न उरकतात. 'यादी पे शादी' हा शब्द मराठवाड्यात सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्यात कोणाची अब्रू गेल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

"आपल्यात असे होत नाही," असे म्हणणारे एखादे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना सांगावे की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात पहिले सत्यशोधक लग्न अगदी थोडक्यात लागले. एवढे मागे जायचे नसेल तर करोनाची साल आठवा. २०२० च्या मे महिन्यात लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात ती २५ माणसे आणि दोन तास एवढीच राहिली. दारात, शेतात, देवळाच्या ओट्यावर लग्ने लागली. त्या जोडप्यांचे संसार काही मोडले नाहीत.

आता जागा. जागा बघायला जाताना लोक सकाळी जातात, गार वेळ असते, सावली छान दिसते. तसे करू नका. ज्या वेळी पंगत बसणार, त्याच वेळी जा. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी जा आणि सावली कुठे पडते तिथे काठीने रेघ ओढा. तासाभराने पुन्हा बघा. रेघ आणि सावली यांची फारकत झालेली दिसेल.

याचे कारण असे. मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात लातूर-नांदेडकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. सव्वाबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा झाडाची सावली फक्त झाडाच्या घेराएवढी, बुंध्याभोवती. पुढे ऊन कलते तशी सावली पूर्वेकडे सरकते आणि लांबते. चार वाजल्यानंतर शाळेच्या किंवा देवळाच्या पूर्वेच्या अंगाला चांगली रुंद सावली मिळते. म्हणजे दुपारची पंगत असेल तर दाट झाड पाहिजे, आणि संध्याकाळची असेल तर उंच भिंत पुरते. मेमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. गोरज मुहूर्ताचे लग्न आणि त्यामागून पंगत, हा उन्हाळ्यातला सगळ्यांत स्वस्त मांडव आहे.

झाड कोणते? चिंच, वड, आंबा, कडुलिंब चांगले. चिंचेची सावली आपल्याकडे भरपूर आहे. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बाभळीखाली काट्यांमुळे बसवत नाही. एका झाडाखाली किती माणसे मावतील ते मोजून घ्या. माणसाला मांडी घालून बसायला दोन फूट लागतात. पंचवीस माणसांची ओळ पन्नास फूट होते. शंभर माणसांच्या चार ओळी आणि मधून वाढप्यांना पाच-पाच फूट वाट धरली तर पन्नास फूट लांब आणि तीस फूट रुंद जागा हवी. भर दुपारी एवढी सावली एका झाडाची क्वचितच मिळते. दोन-तीन झाडे शेजारी शेजारी असलेली आमराई म्हणूनच बरी.

झाडाकडे वरही बघा. आग्यामोहोळ लागलेले असेल तर ती जागा सोडा. त्याखाली चूल पेटवली, धूर वर गेला, की माशा उठतात आणि मग पंगत कुठे आणि पाव्हणे कुठे याचा पत्ता लागत नाही. वाळलेली फांदी लोंबत असेल तर आधी उतरवून घ्या.

शेत निवडणार असाल तर काळ्या रानाची खोड ठाऊक असू द्या. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. भेगेत लहान पोराचा पाय सहज अडकतो. ज्वारीच्या रानात धसकटे राहतात, तुरीच्या रानात खुंट राहतात, ते अनवाणी पायात घुसतात. म्हणून खळ्याची चोपलेली जागा सगळ्यांत चांगली. नसेल तर रान साफ करून, भेगा बुजवून, वर मुरूम पसरून आदल्या दिवशी पाणी शिंपडा. आणि काळ्या रानात एक सर जरी पडली तरी गाड्या रुततात, हे ध्यानात ठेवून गाड्या पक्क्या रस्त्यालाच उभ्या करा.

शाळेचे पटांगण मिळाले तर उत्तमच. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना लेखी अर्ज द्या, नुसते तोंडी विचारू नका. पटांगणाबरोबर व्हरांडा मिळतो, आणि बायकांसाठी संडास मिळतात. ही दुसरी गोष्ट पुरुषमंडळी बैठकीत कधी बोलत नाहीत. सहा-सात तास बसलेल्या बायकांनी, पोरी-बाळींनी जायचे कुठे? उघड्या रानात पंगत असेल तर जवळच्या दोन-तीन घरांना आधी सांगून ठेवा, तिथे पाण्याची बादली भरून ठेवा आणि एका वडीलधाऱ्या बाईला तेवढेच काम द्या. आमच्या मते हा खर्च रोषणाईच्या आधी धरावा.

तिथी ठरवताना पंचांगाबरोबर चंद्रही बघा. शुक्ल पक्षातल्या अष्टमीला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र वर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत उजेड देतो. पौर्णिमेला तो सूर्य मावळतानाच उगवतो. वद्य पक्षात मात्र जेवणे उरकेपर्यंत अंधार. चांदण्याने दिव्यांचा खर्च निम्मा होतो. तरी चुलीपाशी, वाढपाच्या वाटेवर, पाण्यापाशी आणि गाड्यांपाशी दिवे हवेतच, विंचू-काट्याचे दिवस असतात. दहा-दहा वॅटचे वीस एलईडी दिवे लावले तरी सगळे मिळून २०० वॅट होतात. वीज मंडळाकडून तात्पुरती जोडणी मागा, तारेवर आकडा टाकू नका. वायर जमिनीवरून नको, डोक्यावरून न्या. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, तसा २००० सालचा नियमच आहे.

आता पावसाचे बोलू. मांडव नको म्हटले की लोक हेच विचारतात, पाऊस आला तर? पण कापडी मंडपाने तरी पाऊस कुठे अडतो? वळवाचा वारा सुटला की कापड आणि बांबू आधी माणसांच्या अंगावर येतात. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव येतो. थंडी संपताना गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने रब्बीची उभी पिके झोपवली होती. तेव्हा 'पावसाळा नाही म्हणजे पाऊस नाही' असे धरून चालू नका. जागा अशी निवडा की पाच मिनिटांत माणसे पक्क्या छपराखाली जातील: शाळेच्या खोल्या, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर. त्याची किल्ली कोणाकडे आहे हे निदान तिघांना ठाऊक असावे.

आणि हे नीट वाचा. उन्हात जे झाड आपला मांडव असते, तेच विजा होताना जीव घेते. एकट्या उंच झाडावर वीज पडण्याचा धोका जास्त असतो. आभाळ गडगडले की पंगत अर्धी असो की पुरी, सगळ्यांना झाडाखालून उठवा. पक्क्या घरात न्या. भिंती नसलेले पत्र्याचे शेड चालणार नाही. काचा लावलेली बंद मोटार चालते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबूनच बाहेर या. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप फोनवर विजेचा इशारा देते. घरातल्या एका पोराला त्यावर लक्ष ठेवायला बसवा, नाहीतरी त्याच्या हातात फोन असतोच.

पाण्याचा अंदाज असा धरा. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर प्यायला आणि तीन लिटर स्वयंपाक, हात धुणे, भांडी यांना. तीनशे माणसांना १,५०० लिटर. २०० लिटरची आठ पिंपे झाली. पिण्याचे पाणी माठात-रांजणात वेगळे ठेवा, वर ओले फडके गुंडाळा, आणि ओगराळ्याने काढा. हात घालून तांब्या बुडवू नका. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. त्यासाठी क्लोरीन लागते. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर असते, किती टाकायची ते तिथल्या किंवा आरोग्य केंद्राच्या माणसाला विचारून टाका. कारखान्याचा बर्फ पाण्यात टाकू नका. गार हवे तर माठ बर्फावर ठेवा.

जेवणाबद्दल आम्ही थोडे जास्त लिहिणार आहोत, कारण उघड्यावरच्या जेवणाचा खरा धोका उन्हात नाही, पातेल्यात आहे. मे २०२२ मध्ये निलंगा तालुक्यात केदारपूरला लग्नाच्या जेवणानंतर तीनशेहून अधिक माणसांना उलट्या-जुलाब झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला एका धार्मिक कार्यक्रमातल्या फराळानंतर सुमारे दोन हजार लोकांना त्रास झाला. दवाखान्यांत खाटा पुरेनात. असे कोणाच्याही घरी होऊ शकते.

हे होते कसे? समजा, पंगत बाराला आहे. आचारी पहाटे चारला भात शिजवून झाकून ठेवतो. मुहूर्त लांबतो, वरात वेशीत नाचत राहते, पंगत तीनला बसते. अकरा तास तो भात ना गरम ना गार, नुसता कोमट. भाताचे काही जंतू शिजवल्यानेही मरत नाहीत, बीजासारखे टिकून राहतात. कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. चव बदलत नाही, वासही येत नाही. म्हणून एवढ्या गोष्टी आचाऱ्याला बजावून सांगा: भात आणि वरण एकदम नाही, पंगतीपंगतीला शिजवायचे. शिजल्यापासून तासाभरात वाढायचे, किंवा चुलीवर वाफ निघेल असे गरम ठेवायचे. उरलेले संध्याकाळसाठी झाकून ठेवायचे नाही. ताक-मठ्ठा कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ठेवायचा नाही. खवा-दुधाची मिठाई उन्हाळ्यात नकोच, बुंदी बरी. आणि ज्या बाई-माणसाला जुलाब होत आहेत किंवा हाताला जखम आहे, त्याने वाढायला यायचे नाही, मग तो नवऱ्या मुलीचा मामा का असेना.

लातूरची तूरडाळ प्रसिद्ध आहे, तेव्हा वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा एवढे पदार्थ पुरे. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि चाळीस ग्रॅम डाळ धरली तर तीनशे माणसांना तांदूळ ३० किलो, डाळ १२ किलो. पदार्थ वाढवले की प्रत्येक पदार्थ थोडा थोडा उरतो आणि खर्च मात्र पुरा होतो. बुफेत माणूस ताट भरून घेतो आणि अर्धे टाकतो. पंगतीत वाढपी विचारून वाढतो. म्हणून आमचा कल पंगतीकडे आहे. तीनशे माणसांच्या तीन पंगती, एकेका पंगतीला चाळीस मिनिटे, म्हणजे दोन तासांत जेवणे आटोपतात. ज्यांना मांडी घालता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी वीस-पंचवीस खुर्च्या शेजारपाजारच्या घरांतून मिळतात. पहिल्या पंगतीला तेच आणि लहान मुले बसवा. पत्रावळी पळसाच्या मिळाल्या तर बघा. किनवट-माहूरकडे पळस पुष्कळ आहे. प्लास्टिकची ताटे वाऱ्याने उडतात, शेतात राहतात आणि जनावरे ती खातात.

चुली वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडा. मूठभर धूळ सोडून बघा. ती जिकडे उडेल तिकडे चूल, म्हणजे धूर आणि ठिणगी पंगतीवर येणार नाही. कडब्याच्या गंजीपासून लांब. जवळ दोन बादल्या पाणी आणि थोडी वाळू.

कामे वाटून द्या आणि कागदावर लिहा: पाणी अमक्याकडे, दिवे तमक्याकडे, किल्ली कोणाकडे, प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन कोणाकडे. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर चुलीजवळच्या पाटीवर खडूने लिहून ठेवा. घरातल्या नवसाक्षर बाईने ही यादी लिहिली तर फार चांगले, कारण मग ती यादी तिच्या ताब्यात राहते.

मंडपाचे वाचलेले पैसे कुठे गेले, हेही त्याच कागदाच्या मागे लिहा. किती कर्ज काढले नाही, तोही आकडा लिहा. धाकट्या मुलीच्या वेळी बैठकीत तो कागद कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे उठायच्या आत, पटांगण झाडून घ्या. पत्रावळी खड्ड्यात पुरा, चुलीतला विस्तव पाण्याने विझवून हात लावून बघा, माठ-रांजण ज्याचे त्याला पोचवा आणि शाळेची किल्ली परत करा.